पूजेची हत्यारे हातीही घ्यावीत
(खंडेनवमीच्या पूर्वसंध्येला कुटुंब मेळाव्यात झालेले भाषण)



उद्या खंडेनवमी. घरोघरी हत्यारांचे पूजन होईल. सुतार करवतीला हळदकुंकू वाहील आणि आपण सुशिक्षित मंडळी संगणकावर झेंडूचे फूल ठेवू. सुताराला आपल्या करवतीला धार लावता येते. आपल्याला मात्र आपल्या हत्याराचे साधे झाकणही उघडता येत नाही. याचा विचार आज करायचा आहे.

माझाच अनुभव सांगतो. गेल्या वर्षी घरचा लॅपटॉप एकाएकी बंद पडला. कळ दाबली की दिवा लागे, पंखा फिरे, पण पडदा काळाच. दुरुस्ती केंद्रातील गृहस्थ म्हणाले, "मुख्य बोर्ड गेला आहे. हा आमच्याकडे देऊन नवाच घ्या." त्या यंत्रात माझ्या दिवंगत वडिलांच्या आवाजातील रामरक्षेचे ध्वनिमुद्रण होते. त्याची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, हा माझा प्रमाद. मी यंत्र घरी परत आणले. अकरावीतील कन्या म्हणाली, "बाबा, निदान उघडून तर पाहू."

आम्ही चार्जर काढला. खालचे स्क्रू काढताना ते कागदावर काढलेल्या आकृतीत जागच्या जागी ठेवले, कारण त्यांची लांबी सारखी नसते. कडा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने सोडवल्या. प्रथम बॅटरीची जोडणी काढली, मग कळ काही क्षण दाबून धरली, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगातील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू नयेत म्हणून आधी धातूला हात लावला.

आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढल्या आणि एकेक लावून यंत्र सुरू करून पाहिले. प्रत्येक वेळी पट्टी बदलण्यापूर्वी बॅटरी पुन्हा सोडवली. एका पट्टीवर पडदा उजळला, दुसरीवर काळाच राहिला. निदान झाले! बोर्ड धडधाकट होता. बिघडलेल्या पट्टीवरील क्रमांक टिपून त्याच जातीची नवी आणली. हे महत्त्वाचे, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि एक दुसरीच्या जागी बसत नाही. नवी पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली, बाजूच्या चापांचा 'टक्' आवाज झाला, आणि थोड्याच वेळात घरात वडिलांचा आवाज घुमला. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

कोणी विचारील, "यात स्वदेशी काय? ती पट्टी भारतात थोडीच बनली?" आक्षेप रास्त आहे. पट्टीतील चिप परदेशीच होती. पण परावलंबित्व केवळ मालाचे नसते, ज्ञानाचेही असते, आणि दुसरे अधिक घातक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या सायकली परदेशीच होत्या. परंतु यंत्र खोलण्या-जोडण्यात बसलेला तो हात पुढे लोखंडी नांगर घडवू लागला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुरुस्ती ही निर्मितीची पहिली पायरी आहे.

मर्यादाही ओळखावी. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग तत्काळ थांबवावे, तिला टोचू किंवा दाबू नये, जाणकाराकडे सोपवावी. अनेक सडपातळ यंत्रांत रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, तेथे घरगुती उपाय चालत नाही. हमीची मुदत बाकी असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात. निकामी भाग कचराकुंडीत न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावेत. केंद्र शासनानेही २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू करून ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काची दखल घेतली. हक्क मिळाला तरी हात आपलाच लागतो.

म्हणून उद्या पूजेत एक लहानसा स्क्रू-ड्रायव्हरही ठेवा. आणि पूजेपूर्वी घरातील अमोल छायाचित्रांची, आवाजांची दुसरी प्रत काढा. दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारी मुलामुलींना शेजारी बसवून एखादे जुने, बंद पडलेले यंत्र उघडा. ते सुरू झाले नाही तरी चालेल, मुलांच्या मनातील भीती जाईल. एवढे सांगून मी थांबतो.