काचेच्या हौदातला महाशिंपला



कामगारांच्या सभांतून घसा कोरडा करणाऱ्या माणसाने शिंपल्यावर बोलावे, याचे काहींना हसू येईल. हसावे. आमची पदवी वाचनालयाच्या वर्गणीएवढीच आहे. जे वाचले आणि एका जहाजी स्नेह्याच्या हॅम्बुर्गच्या घरी जे पाहिले, तेवढेच आज मांडतो.

कोकणातल्या तिसऱ्या आपल्या ओळखीच्या. हा महाशिंपला त्यांचाच दूरचा भाऊबंद. वस्ती हिंदी महासागर व पॅसिफिकच्या उबदार, उथळ प्रवाळांत. याची सर्वांत थोर जात चार फुटांहून लांब आणि दोनशे किलोहून जड होते; घरच्या हौदात ठेवतात त्या वीतभर ते दीड-दोन वितीच्या जाती. कवच उघडले की निळे-हिरवे मांसल झालर-वस्त्र बाहेर पसरते. त्यालाच प्रावार म्हणतात. आणि खरी मेख त्या प्रावारातच आहे.

त्याच्या आत लक्षावधी सूक्ष्म शैवाले राहतात. १९२८-२९ साली ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभिंतीवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग यांनी या सहवासाचा बारकाईने अभ्यास केला. शैवाले उन्हावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा हिस्सा शिंपल्याला देतात. शिंपला आपल्या मलातले नत्र आणि कार्बन डाय-ऑक्साइड त्यांना देतो. याला सहकार म्हणावे की वेठ, हा प्रश्न आमच्यासारख्याला सुटत नाही, कारण शिंपला यांतली काही शैवाले पचवतोही! पण वेठ म्हणावी तर राहायला सुरक्षित जागा आणि ऊन, दोन्ही मालकच पुरवतो. असला मालक आम्ही तरी पाहिला नाही.

तेव्हा पाळणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानी धरावी ती उजेडाची. उजेड म्हणजे याची भाकरी. बहुतेक शिंपले उपाशी मरतात, आणि धनी मात्र पाण्यात खाद्य टाकीत बसतो. मॅक्सिमा आणि क्रोशिया या जातींना फार प्रखर दिवा लागतो. डेरासा व स्क्वामोसा थोड्या कमी उजेडावर निभावून नेतात. पण नवा शिंपला आणला की एकदम झगझगीत दिव्याखाली ठेवू नये. आठवड्या-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवत न्यावे. पाणी गाळून तो सूक्ष्म प्लवकही खातो, आणि लहान शिंपल्याला त्याची गरज अधिक असते. तरी प्लवक उजेडाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरे पाण्याचे. हौद निदान सहा महिने मुरलेला असावा. पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश, क्षारता दर हजारी ३५. पाणी आटते तेव्हा मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. कवच चुन्याचे, त्यासाठी लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे आणि पाण्याची अल्कता स्थिर हवी. वाढता शिंपला ते भराभर शोषतो. कडेला पांढरी ताजी रेघ दिसली की वाढ चालली आहे असे समजावे. नायट्रेट शून्यावर आणण्याचा हट्टही चुकीचा, थोडे नत्र शैवालांना हवेच असते. तांबे असलेले औषध मात्र थेंबभरही हौदात पडू देऊ नये. माशांचा रोग हटतो, शिंपला मरतो.

आमचे स्नेही रोज सकाळी एक परीक्षा घेत. हात वरून फिरवून सावली पाडायची. प्रावाराच्या कडेला याला शेकडो बारीक डोळे असतात. निरोगी शिंपला चट्कन मिटतो. आळसाने मिटला, तोंड वासून राहिला, किंवा प्रावार आखडून चिमटल्यासारखा दिसला, की काळजी सुरू. कवचाच्या बुडाशी तांदळाएवढ्या पांढऱ्या गोगलगाई शोधाव्यात. त्या रात्री बाहेर येऊन त्याचा रस शोषतात. ब्रशाने घासून त्यांची अंडीसुद्धा काढावी लागतात. आणि दगडाला चिकटलेला शिंपला ओढून उपटू नये. ज्या चिवट धाग्यांनी तो धरतो, ते मुळाशी तुटले तर त्याच्या पायाला इजा होऊन तो दगावतो. धागे धारदार पात्याने दगडालगत कापावेत. स्नेह्यांनी एकदा घाई केलेल्या पाहुण्याचा हात मनगटाशी धरून थांबवलेला आम्ही पाहिला आहे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लक्षद्वीपच्या प्रवाळांत आपलेही महाशिंपले आहेत. मॅक्सिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस या जाती २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. तेव्हा ते हौदासाठी उचलून आणणे गुन्हा आहे. परदेशी व्यापारावर १९८५ पासून संपूर्ण कुळाला परवान्याचे बंधन आहे. दक्षिण चिनी समुद्रात बोटींच्या पंख्यांनी प्रवाळ उकरून हे शिंपले काढले गेले, कोरीव वस्तूंसाठी. त्यात खलाशांच्या पोटाचा प्रश्न नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. पण नफा कोरीव काम विकणाऱ्याचा, आणि उजाड झाला तो खलाशांचाच समुद्र.

त्याला दुसरा मार्ग आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर १९८० च्या दशकात महाशिंपल्यांची पैदास मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. एकच शिंपला नर आणि मादी दोन्ही; आधी शुक्र सोडतो, मग अंडी. पिल्लाला शैवाले जन्मतः मिळत नाहीत, ती पाण्यातून घ्यावी लागतात. म्हणून हौदांत शैवाले मुद्दाम सोडतात. हॅम्बुर्गच्या त्या काचेतला शिंपला असाच पैदाशीचा होता, आणि त्याचा परवान्याचा कागद स्नेह्यांनी हौदाखालच्या कपाटात जपून ठेवला होता.