मिसावाचे तीन हिवाळे



मघाशी माझी ओळख 'जपान गाजवून आलेली' अशी करून दिली. गाजवलं काही नाही. तीन हिवाळे बर्फ उपसला, एवढंच.

नवरा अमेरिकेत वाढलेला, तिथल्या हवाई दलात. २००९मध्ये त्याची बदली मिसावाच्या अमेरिकन तळावर झाली आणि मी सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून मागोमाग गेले. भूगोलाच्या बाई जपानचा नकाशा काढून घ्यायच्या, आठवतं? त्यातल्या होन्शू बेटाचं उत्तर टोक म्हणजे आओमोरी प्रांत. सफरचंदं, लसूण आणि बर्फ. तळाच्या फाटकाआत डॉलर आणि पिझ्झा, बाहेर येन आणि शांत गाव. एफ-१६ विमानांचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच!

आम्ही गावात भाड्याने राहायचो. शेजारी एक आजी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी. पहिल्या बर्फात मी फावड्याने एकेक ढीग उचलून फेकत होते. त्यांनी न बोलता आपलं अवजार आणून दिलं: मोठ्या सुपासारखं, दांड्याचं, ढकलत न्यायचं. कंबर वाचली.

११ मार्च २०११ला भूकंप झाला. वीज गेली, नवरा ड्यूटीवर, लेक दोन वर्षांची. आमचा हीटर रॉकेलवरचा, पण त्यातला पंखा विजेवर चालणारा. इंजिनिअर बाईंच्या हे तोवर लक्षातच आलं नव्हतं! आजींकडे काडीने पेटवायची जुनी शेगडी होती. ती रात्र आम्ही तिच्याभोवती काढली.

पुढे फुकुशिमाच्या बातम्या येऊ लागल्या. तळावरच्या कुटुंबांना हवं तर मायदेशी जायची मुभा मिळाली. आईचे रोज रडून फोन. मी गेले. निघताना आजींनी लेकीसाठी भाताचे गोळे बांधून दिले. मी वाकले, पण वर बघायचा धीर झाला नाही. तळावरचे कितीतरी जण मिसावाच्या मासेमारी बंदरातला सुनामीचा गाळ उपसत होते आणि मी सासरी सोफ्यावर बसून बातम्या बघत होते.

जूनमध्ये परतले. आजींनी काहीच विचारलं नाही, फक्त लेकीला उचलून वजन बघितलं.

त्या हिवाळ्यात मी पहाटे पाचला उठून आधी त्यांचं अंगण मोकळं करायची, मग आमचं. ढीग चुकीच्या बाजूला रचला की आजी खिडकी उघडून अस्सल आओमोरी बोलीत मला झापायच्या.