दिवा लागतो, पण तेवत ठेवायचा कुणी?

(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारच्या स्वच्छ ऊर्जेच्या धोरणाबद्दल चार शब्द सांगावेत, असं मला सुचवण्यात आलं. विषय दिल्लीचा आणि परदेशातल्या परिषदांचा वाटतो. पण गेली अकरा वर्षं मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या पाड्यांवर काम करते आहे. तिथे हा विषय रोज चुलीपाशी भेटतो. म्हणून मी तिथूनच बोलणार आहे.

आधी धोरण थोडक्यात. 2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की 2070 पर्यंत भारत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठेल. म्हणजे आपण हवेत जितका कार्बन सोडू, तितकाच परत शोषला जाईल. 2030 पर्यंत ऊन, वारा, पाणी अशा स्रोतांपासून 500 गिगावॅट वीज बनवण्याची क्षमता उभी करायची, हेही ठरलं. देशाच्या एकूण वीजक्षमतेत अशा स्रोतांचा वाटा निम्मा असावा, हे 2030 चं उद्दिष्ट तर 2025 मध्येच पूर्ण झालं. याचा आनंद मानायला हवा. मात्र क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. रात्री ऊन नसतं, वारा रोज सारखा वाहत नाही. त्यामुळे आज वापरात येणाऱ्या विजेत सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे.

या सगळ्यात आपला पाड्यावरचा माणूस कुठे आहे? सरासरी भारतीय माणसाचं कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. पाड्यावरच्या घरात तर मोटार नाही, फ्रिज नाही, एखादा बल्ब आणि मोबाइल एवढाच संसार. हवा बिघडवण्यात त्याचा हात जवळजवळ नाही. पण पाऊस लांबला की पहिलं बियाणं त्याचंच वाया जातं. म्हणून धोरणाचा फायदा त्याच्यापर्यंत पोचणं हा उपकार नाही, न्याय आहे.

आता चुलीकडे येऊ. बंद घरात लाकूड जाळल्याने होणारा धूर साधा नसतो. घरातल्या अशा धुरामुळे जगात दरवर्षी सुमारे 32 लाख माणसं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे दहा कोटींहून जास्त घरांत गॅस गेला. आमच्या पाड्यांवरही गेला. पण सरकारच्याच आकड्यांप्रमाणे 2019-20 मध्ये उज्ज्वलाचं एक घर वर्षाला सरासरी तीनच टाक्या भरत होतं. त्यानंतर हे प्रमाण वाढलं आहे, तरी एवढ्यावर वर्षभराचा स्वयंपाक होत नाही.

कारण आळस नाही. टाकी भरताना पूर्ण रक्कम आधी मोजावी लागते, अनुदान मागाहून खात्यावर येतं. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते, पुढे भरलेली टाकी डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं, तेव्हा शेगडी कुलपात राहते. एका मावशींनी मला सांगितलं, “बाई, गॅस पाहुण्यांसाठी. आमच्यासाठी चूल आहेच.” याच योजनेत 14.2 किलोच्या टाकीऐवजी 5 किलोची छोटी टाकी घेता येते. ती एका हातात उचलता येते आणि तिचे पैसेही एकदम कमी लागतात. पण ही सोय आहे हेच पुष्कळ घरांना ठाऊक नाही.

सौरदिव्यांचंही तसंच. पाटी लागते, दिवा पेटतो, मुलं अभ्यासाला बसतात. तीन ते पाच वर्षांत बॅटरी थकते. त्यातलं पाणी वेळेवर भरलं नाही तर त्याआधीच. नवी बॅटरी घ्यायला पैसे नसतात, दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी असतो. मग पाटीवर मिरच्या वाळत पडतात. सौरपंपांच्या सरकारी योजनेत आदिवासी शेतकऱ्याला किमतीच्या फक्त 5 टक्के भरावे लागतात, ही मोठीच मदत. पंपाची पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराने करायची असते, हेही नियमात आहे. पण तक्रार कुठे आणि कशी नोंदवायची, हे सांगणारं कुणी जवळ नसतं.

आणखी एक गोष्ट मन जड करते. पाण्यावरची वीज धूर करत नाही, म्हणून ती स्वच्छ मानली जाते. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, ती याच दोन तालुक्यांतली. त्या धरणाच्या विजेत राज्याचा वाटा 27 टक्के. पण ज्यांची शेतं गेली, त्यांच्यातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं अंधारच होता. उद्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या, माळावर सौरप्रकल्प आले, तरी प्रश्न हाच राहील: जमीन कुणाची आणि उजेड कुणाचा?

याच धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. तिथे 2003 साली गावकऱ्यांनी श्रमदान करून, केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने, झऱ्याच्या पाण्यावर सुमारे 15 किलोवॅटचं वीजकेंद्र उभं केलं. 2006 च्या पुराने ते मोडलं. पण लिहिता-वाचता न येणारी माणसंही आपली वीज आपण चालवू शकतात, हे त्याने दाखवून दिलं.

कायदाही हीच वाट दाखवतो. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या कलम 3(2) प्रमाणे ग्रामसभेने शिफारस केली तर गावाच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. शाळा, अंगणवाडी, रस्ता यांच्याबरोबर वीजवाहिन्या आणि अपारंपरिक ऊर्जाही त्या यादीत आहे. म्हणजे ‘जंगलात वीज येऊ शकत नाही’ हे उत्तर शेवटचं नव्हे. ग्रामसभेचा ठराव नीट लिहून पाठवायला हवा.

म्हणून आज मी तुमच्याकडे नवे दिवे मागत नाही. कार्यकारिणीपुढे आम्ही एक साधा प्रस्ताव ठेवला आहे. या वर्षीच्या दानातून बारा पाड्यांवरच्या एकेका तरुण मुलाला किंवा मुलीला बॅटरी, तारा आणि पंपाच्या दुरुस्तीचं शिक्षण द्यायचं. प्रत्येकाला अवजारांची पेटी द्यायची. घरटी महिना थोडी वर्गणी काढून गावानेच बॅटरीसाठी पैसे साठवायचे. आणि आमच्या कार्यकर्त्यांनी छोट्या टाकीचा अर्ज, पंपाची तक्रार, ग्रामसभेचा ठराव, एवढी कागदपत्रं लोकांबरोबर बसून करायची.

काही देणगीदार बंधू म्हणतात, याचं फळ डोळ्यांना दिसत नाही. खरं आहे. नव्या दिव्याचा फोटो या अंकात छापता येतो, बदललेल्या बॅटरीचा छापून काय दिसणार? पण देवाने ही सृष्टी आपल्या हाती सोपवली ती राखण्यासाठी, आणि राखणं हे रोजचं काम आहे. ज्या मुलीच्या हाती पाना-पक्कड येईल, तिला कदाचित ऊसतोडीला जावं लागणार नाही. एवढं झालं तरी मी म्हणेन की तुमचं दान कारणी लागलं.

पुढच्या महिन्यात कार्यकारिणी निर्णय घेईल. त्याआधी आपापल्या मंडळीत या प्रस्तावावर बोला, प्रार्थना करा. तुमच्यात कुणी वायरमन असेल, आयटीआयमध्ये शिकवणारं असेल, तर आठ दिवसांसाठी डोंगरावर या. राहायची सोय आम्ही करू. भाकरी मात्र चुलीवरची मिळेल, कारण चूल अजून विझलेली नाही.