भाभी नव्हे, मिस्त्री

(८ मार्चनिमित्त खुलताबाद येथे झालेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)

आजचा आपला विषय ‘स्त्री आणि रोजगार’ असा आहे. सकाळपासून बचत गट, शेळीपालन, पापड-मसाला यांवर चांगली चर्चा झाली. मी मात्र एका ट्रकच्या गॅरेजबद्दल बोलणार आहे. हे कुठून मध्येच, असे काहीजणींना वाटेल, पण थोडा धीर धरा.

तुमच्यापैकी बऱ्याचजणी आज दौलताबादचा घाट चढून आल्या. समोर भरलेला ट्रक असला की तो काळा धूर ओकतो, आपण नाकाला पदर लावतो आणि पुढे जातो. तो धूर वाचता येणारी एक बाई आपल्या तालुक्यात आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जाते किंवा हवा कमी पडते, आधी एअर फिल्टर पाहा, मग नोझल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते, रिंगा गेल्या असतील. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते, नाहीतर हेड गॅसकेट उडून पाणी आत शिरते. हे मला तिने शिकवले. तिचे नाव मी घेणार नाही, कारण तिनेच नको म्हटले. ड्रायव्हर तिला भाभी म्हणतात, तेव्हा आपणही सध्या तेच म्हणू.

माझी तिची ओळख २०२१ साली झाली. तिचा नवरा या रस्त्यावरचा नावाजलेला डिझेल मिस्त्री. ट्रकखाली झोपून गिअरबॉक्स उतरवताना जॅक घसरला आणि त्याच्या कमरेला जबर मार बसला. तेव्हापासून तो खाटेवर आहे. गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचे शेड आणि मागे दोन खोल्या. पगार नाही, विमा नाही, भरपाई मागायची तर कुणाकडे? पदरात दोन मुली. दीर म्हणत होता, पान्यांची पेटी मला दे, बाईच्या काय कामाची?

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. कॉलेजात आम्हाला केस हिस्टरी कशी घ्यायची ते दोन वर्षे शिकवले होते. मी वही काढून लिहिले: पती अपंग, पत्नीचे शिक्षण सातवी, पत्नीचे उत्पन्न नाही, कौशल्य नाही. शिफारस: शिलाई मशीन.

ते तिला वाचून दाखवले तेव्हा ती हसली. म्हणाली, “ताई, मला साधं हुक लावता येत नाही नीट. मशीन घेऊन काय करू? तुमच्या मागं ती टाटा उभी आहे, तिचा पंप मी काल बसवला.”

मैत्रिणींनो, मला मान खाली घालावी लागली. तिच्या हाताच्या रेघांत काळे तेल होते, आणि मी तिच्यासमोर बसून ‘कौशल्य नाही’ असे लिहिले होते.

हे ती शिकली कुठे? लग्नानंतर चौदा वर्षे नवऱ्याने उघडलेले सुटे भाग तिने डिझेलमध्ये धुतले. रात्री बॅटरी धरून उभी राहिली. कुठला बोल्ट कुठल्या डब्यात ठेवला, ते तिलाच माहीत असे. शहरात जाऊन स्पेअर पार्ट तिने आणले आणि खातेही तिनेच लिहिले. याच कामासाठी गॅरेजात एखादा पोरगा ठेवला तर त्याला शागीर्द म्हणतात. पाच-सहा वर्षांनी तो मिस्त्री होतो, दहा वर्षांनी उस्ताद. तिला चौदा वर्षांनंतरही ‘मिस्त्रीची बायको’च म्हणत होते. शेतातल्या बाईचे काम ‘घरची मदत’ म्हणून मोजले जात नाही, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. गॅरेजातही तेच आहे, फक्त तिथे आपण पाहिले नव्हते.

सुरुवातीला नवरा खाटेवरून विचारी आणि ती सांगे. धूर कसा आहे? आवाज कुठून येतो? जुन्या गाडीत एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर कामच करत नव्हते असे समजायचे. ती नट सैल करी, तो आतून कान देई. हळूहळू कान तिचाच तयार झाला.

पहिली परीक्षा २०२२ साली झाली. त्यावेळी औट्रम घाटातून जड गाड्या चालू होत्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने त्या बंद झाल्या. तर चाळीसगावकडून केळी भरून एक ट्रक आला. तक्रार अशी की पंधरा-वीस किलोमीटर गाडी बरी चालते, मग दम तोडते आणि बंद पडते. थोडे थांबले की पुन्हा चालू होते. वाटेत दोन ठिकाणी दाखवून झाले होते. एकाने फिल्टर बदलला, दुसऱ्याने पंप उतरवावा लागेल म्हणून सांगितले. पंप उतरवायचा म्हणजे तो शहरात न्यायचा, दोन दिवस थांबायचे, आणि केळी जाणार उकिरड्यावर.

ड्रायव्हरने विचारले, “मिस्त्री कुठाय?” नवरा तापाने फणफणला होता. भाभी म्हणाली, “मीच बघते.” तो बोनेट उघडू देईना. मग तिने गाडीला हात न लावता त्यालाच विचारले, “गाडी बंद पडली की तुम्ही काय काय करता? एकेक सांगा.” तो म्हणाला, काय करणार, खाली उतरतो, टाकीचं झाकण उघडून डिझेल किती आहे ते बघतो, बिडी ओढतो, परत सेल्फ मारतो.

ती सरळ टाकीकडे गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते, ते मळीने गच्च बुजले होते. टाकीतून डिझेल जात राहते, पण त्या जागी हवा आत येत नाही, म्हणून पुढे पुढे पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण उघडले की हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा वीस किलोमीटर चालते. तिने तारेने भोक मोकळे केले. पंधरा मिनिटांत काम झाले.

मी नंतर विचारले, हे तुला सुचले कसे? ती म्हणाली, “तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का, ताई? दुसरं पाडावंच लागतं.”

हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? पण स्वयंपाकघरातले ते शहाणपण ट्रकच्या टाकीपर्यंत पोचायला मध्ये चौदा वर्षांचे काम लागले, हेही विसरू नका. बायका उपजतच हुशार असतात, अशी गोड गोष्ट मला सांगायची नाही. निदान हे शिकण्याचे काम आहे, आणि ती शिकली. आधी विचारायचे, मग पाहायचे, स्वस्त आणि सोपी शक्यता पहिल्यांदा तपासायची, महागडा पंप सर्वांत शेवटी उघडायचा. आधी ऐकून घ्यायचे हे मला पदवीने शिकवले होते. तिच्या दारात मी ते विसरले. ती मात्र अडवून धरणाऱ्या ड्रायव्हरसमोरही विसरली नाही.

पण ड्रायव्हरने पैसे कुणाच्या हातात दिले असतील? आत जाऊन खाटेवरच्या नवऱ्याच्या हातात! पैसे त्याच घरात राहिले, हे खरे. पण गिऱ्हाईक कुणाचे ठरले?

आता तिच्या रोजच्या अडचणी सांगते. पहिला प्रश्न सगळे ताकदीचा विचारतात. ट्रकच्या चाकाचे नट मनगटाच्या जोरावर कुणीच खोलत नाही. पान्याला लांब पाइप लावतात आणि त्यावर अंगाचा भार देतात. गिअरबॉक्स एकटा पुरुषही उचलत नाही, त्याला जॅक, साखळीची चेनपुली आणि जोडीला माणूस लागतो. नवऱ्याच्या अपघातानंतर ती जॅकवर विसंबत नाही, लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली कुणाला जाऊ देत नाही. ताकदीचे कारण पुढे करणारे लोक तिच्या शेडमध्ये येऊन हे ठोकळे पाहतील तर बरे.

खरी अडचण जागेची आहे. गाडी रात्री अकराला घाटात बंद पडते. पुरुष मिस्त्री मोटारसायकलला पिशवी अडकवून निघतो. तिने निघायचे तर सोबत कोण, आणि उद्या गाव काय म्हणेल? दिवसभर रस्त्यावर काम, तर मोरी कुठे? शहरात पंप कॅलिब्रेशनला नेला तर दुकानदार तिच्याशी न बोलता सोबतच्या पोराशी बोलतो. सुट्या भागाचा खरा भावही सांगत नाही.

दुसरी अडचण तब्येतीची. जळके ऑईल आणि डिझेल यांत हात सतत बुडलेले असतात, कातडी फाटते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली स्पष्ट म्हटले आहे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि गॅरेजात ती धूळ हवेच्या पाइपाने उडवायची पद्धत आहे. मिस्त्रीचे तेलकट कपडे धुणारी बायकोही या धोक्यात असते, पण तिला कुणी हातमोजे दिल्याचे मी पाहिले नाही.

तिसरी अडचण नव्या गाड्यांची. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्यांच्यात डिझेलचा दाब साध्या हवेच्या हजारपटीहून जास्त असतो. जुन्या सवयीने चालू इंजिनावर पाइपाचा नट सैल केला तर डिझेलची धार कातडी भेदून आत जाईल. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावण लागते. ते संपले किंवा भेसळीचे निघाले तर संगणकच इंजिनाची ताकद कमी करतो. त्यामुळे आता कान आणि डोळे पुरत नाहीत, स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचावा लागतो. रस्त्यावरच्या सगळ्याच मिस्त्रींना हे नव्याने शिकावे लागणार आहे. पण प्रशिक्षणाला पाठवायचे म्हटले की घरातला मुलगाच जातो. सगळे नव्याने शिकणार असतील, तर त्याच रांगेत मुलींना उभे करण्याची वेळ हीच आहे.

कुणी म्हणेल, असे कुठे घडले आहे का? दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात शांतीदेवींनी पतीसोबत चहाची टपरी टाकली आणि तिथेच ट्रकची मोठमोठी चाके खोलून दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे केले. आपल्या एसटीच्या कार्यशाळांतही स्त्रिया यांत्रिक कामावर आहेत. आणि मोटारीचा पहिला लांबचा प्रवास १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ या बाईने केला. सोबत दोन मुलगे होते. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. भाभीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तिच्याकडंही तारच होती!”

कायद्यानेही आपल्याला बरेच दिवस बाजूला ठेवले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात चालू यंत्राची सफाई, तेल घालणे, जुळणी ही कामे स्त्रीला आणि अल्पवयीन मुलाला करू देऊ नयेत, असे होते. बाई आणि मूल एकाच ओळीत! २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या ४३ व्या कलमाने स्त्रीला सर्व प्रकारच्या कामाचा हक्क दिला, रात्रीचे काम तिच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर. पण कागदावरच्या हक्काने घाटात रात्री सोबत मिळत नाही, आणि दुकानदार तिच्याशी बोलायलाही लागत नाही. ते आपल्यालाच घडवावे लागेल.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, दहावी झालेल्या मुलींच्या घरी जाऊन आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम समजावून सांगा आणि फॉर्म भरताना सोबत जा. दोन, आपल्या गटाच्या कर्जातून शिलाई मशीन मिळते तशी पान्यांची पेटी आणि स्कॅनरही मिळाला पाहिजे, पावती बाईच्या नावाची. तीन, ई-श्रमच्या नोंदणीत व्यवसाय काय लिहिला ते पाहा. भाभीच्या कार्डावर केंद्रातल्या मुलाने न विचारताच ‘शिवणकाम’ टाकले होते! चार, हायवेलगत गॅरेज आणि ट्रक थांबण्याच्या जागी बायकांसाठी संडास-मोरी हवी, ही मागणी ग्रामसभेत मांडा. आणि हातमोजे तर उद्याच आणा, त्याला ठराव लागत नाही.

माझ्या जुन्या वहीतले ते पान मी फाडलेले नाही. ‘कौशल्य नाही’ या शब्दांवर काट मारून खाली लिहिले आहे: व्यवसाय, डिझेल मिस्त्री. नवीन कार्यकर्त्या आल्या की त्यांना ते पान दाखवते, कारण अशी चूक आपण सगळ्याजणी करतो.

पान्यांची पेटी दीर नेऊ शकला नाही. एक दिवस नवऱ्यानेच चारचौघांसमोर त्याला सांगितले, “पेटी तिची आहे, काम तीच करते.” हे वाक्य म्हणायला त्याला वर्षभर लागले, पण तो म्हणाला. गिऱ्हाइकांतले निम्मे अजून ‘भाभी’च म्हणतात. आता पैसे मात्र तिच्या हातात देतात.

तिला आज इथे बोलावले होते. सकाळी निरोप आला की एका टिप्परचे हेड उघडून ठेवले आहे, संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची आहे, येता येणार नाही. थोरली मुलगी बॅटरी धरून उभी असेल. मी तिला सांगून आले आहे, नुसती बॅटरी धरू नकोस, पानाही हातात घे.