मातीचं भांडवल



मे महिन्यात दह्याचं विरजण दुपारपर्यंत लागतं, आणि जरा विसर पडला की दही आंबट ढाण होतं. थंडीत तेच भांडं रात्रभर गुंडाळून ठेवावं लागतं. विरजणातले जिवाणू उष्णतेत भराभर काम करतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

शेतातल्या मातीतही असे असंख्य जिवाणू असतात, बुरशी असते. पालापाचोळा, शेण, जुनी मुळं हे त्यांचं अन्न. ते कुजवताना त्यातलं नत्र, स्फुरद मोकळं होतं आणि पिकाला मिळतं. कर्बाचा बराच भाग मात्र वायू होऊन हवेत जातो.

मग उष्णता वाढत गेली तर मातीचं काय होईल? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्ट या जंगलात हे करूनच पाहिलं. जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली जमिनीखाली १० सेंटिमीटरवर विजेच्या तारा पुरल्या आणि काही तुकड्यांतली माती शेजारच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सिअसने गरम ठेवली. काही तुकड्यांत तारा पुरल्या, पण वीज सोडली नाही. फरक खणण्यामुळे पडला की उष्णतेमुळे, हे कळावं म्हणून. या कामात सेरिटा फ्रे आणि क्रिस्टन डीअँजेलिस या मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या बायकाही आहेत.

पहिली दहा वर्षं गरम मातीतून जास्तीचा कर्ब जात राहिला. पुढची सात वर्षं फरक दिसेना. तिथेच प्रयोग थांबवला असता, तर माती सावरली असं वाटलं असतं. पण पचायला सोपं अन्न संपल्यावर मातीतल्या जिवांची वस्तीच बदलली, चिवट भागही कुजू लागला आणि कर्ब पुन्हा निघाला. २६ वर्षांचा हिशेब २०१७ साली छापून आला. वरच्या ६० सेंटिमीटर मातीतला १७ टक्के कर्ब गेला होता.

आणखी एक गोष्ट दिसली. गरम मातीत नत्र जास्त मोकळं झालं, ते झाडांनी घेतलं आणि झाडं अधिक वाढली. घेणारी मुळं तिथे हजर होती.

ते जंगल थंड मुलखातलं. तिथले आकडे आपल्या रानाला जसेच्या तसे लागणार नाहीत. पण विचार करा, वैशाखात आपलं रान कसं असतं? नांगरलेलं, उघडं, तापलेलं. पहिल्या पावसात मातीतले जीव जागे होतात, नत्र मोकळं होतं, आणि ते घ्यायला पिकाचं एक मूळ नसतं. जोराचा पाऊस ते धुऊन नेतो. मग आपण खताचं पोतं आणतो.

बचत गटात आपण एक नियम पाळतो: मुद्दलाला हात लावायचा नाही. मातीचं मुद्दल म्हणजे सेंद्रिय कर्ब. मृद आरोग्य पत्रिकेवर त्याचा आकडा असतो. तो ०.५ टक्क्याच्या खाली असला तर कमी समजतात. घरातली पत्रिका काढून तो एकदा बघा.

सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, धसकटं वेचून बांधावर पेटवायचं काम बहुधा आपल्याच हाती येतं. तुराट्या, पऱ्हाटी चुलीला लागतात, हे आम्हीही जाणतो. आमच्याही चुली त्यावरच पेटतात. पण तुरीचा गळलेला पाला, सोयाबीनचं भुसकट, जनावरांनी टाकलेली उष्टावळ यांना काडी लावायची गरज नाही. पेटवलं की त्यातलं बरंचसं नत्र धुरातून जातं. तेच शेणाबरोबर खड्ड्यात कुजवलं, नाहीतर पिकाच्या ओळींमध्ये अंथरलं, तर माती झाकली जाते, ओल टिकते आणि मुद्दलात थोडी भर पडते.

एका वर्षात फार फरक दिसणार नाही. त्या संशोधकांनी २६ वर्षं वाट पाहिली. आम्ही गटातल्या बायकांनी यंदा प्रत्येकीने एक वाफा तरी न पेटवता ठेवायचं ठरवलं आहे. तुम्हीही ठेवा, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्हीकडची माती मुठीत घेऊन बघा.