बाटली हलवून घ्यावी

नाचाचे कपडे घालून विंगेत ताटकळलेल्या मित्रमैत्रिणींनो,

प्रमुख पाहुण्याचं भाषण म्हणजे दोन नाचांच्या मधली जाहिरात, याची मला पूर्ण कल्पना आहे. तेव्हा उपदेश बाजूला ठेवतो आणि खुनांबद्दल बोलतो. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर हा विषय काढणं कितपत बरं, असं प्राचार्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण ज्या बाईंबद्दल मी बोलणार आहे, त्या तुमच्याच व्यवसायातल्या होत्या.

अगाथा ख्रिस्ती हे नाव तुम्ही ऐकलंय. 66 रहस्यकादंबऱ्या, हर्क्युल पॉयरो आणि मिस मार्पल हे गुप्तहेर, आणि लंडनमध्ये 1952 पासून चालू असलेलं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक. ते थांबलं फक्त कोरोनाच्या काळात. इथल्या पालकांनी ‘धुंद’ हा सिनेमा पाहिला असेल, तोही बाईंच्याच एका नाटकावर बेतलेला. 1926 च्या डिसेंबरात बाई स्वतःच अकरा दिवस गायब झाल्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल बोलायला उभा राहिलेला प्रत्येकजण तेच सांगतो. मला त्यात फार रस नाही. नवऱ्याचं दुसरीकडे जमलं होतं, आई नुकतीच गेली होती. एखादं माणूस घरातून निघून जायला एवढं पुरतं. मला रस आहे तो त्यांच्या नोकरीत.

बाईंचा जन्म 1890 चा, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या टॉर्कीचा. लहानपणी रीतसर शाळा जवळजवळ नाहीच. 1914 साली महायुद्ध सुरू झालं, टॉर्कीच्या टाउन हॉलमध्ये जखमी सैनिकांचं रुग्णालय उघडलं, तिथे त्या आधी परिचारिका म्हणून आणि मग औषधांच्या विभागात लागल्या. 1917 मध्ये त्यांनी अपॉथिकरीज हॉलची परीक्षा दिली आणि औषधं बनवून देण्याची पात्रता मिळवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जगभर नाव झाल्यावरही, त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये पुन्हा औषधांच्या कपाटांपुढे उभ्या राहिल्या.

परीक्षेच्या तयारीसाठी त्या गावातल्या एका नामांकित औषधविक्रेत्याकडे शिकायला जात. तो किस्सा त्यांनी आत्मचरित्रात लिहिलाय. गृहस्थ सपोझिटरी बनवत होते. बाईंनी शेजारी उभं राहून हिशेब पाहिला, तर दशांशचिन्ह एक घर चुकलेलं. म्हणजे औषध दहापट! आता बोलायचं कसं? आपण शिकाऊ, समोर गावातला सगळ्यात जाणता माणूस, आणि तोही चूक कबूल करणाऱ्यातला नाही. बाईंनी काय केलं असेल? त्यांचा तोल गेला. म्हणजे त्यांनी तो घालवला. सपोझिटरीचा ट्रे जमिनीवर, आणि वरून पाय, चांगला दाबून. मग “माफ करा, माफ करा.” गृहस्थ म्हणाले, त्यातली एखादी वापरता येईल. बाई म्हणाल्या, छे, घाण झाली, आणि सगळ्या कचऱ्यात टाकल्या.

मी आयुष्यभर सरकारी रुग्णालयात औषधाच्या खिडकीमागे बसलो. वरच्या माणसाचा आकडा चुकलाय हे दिसतं आणि तोंडातून शब्द फुटत नाही, ही वेळ तुमच्यातल्या प्रत्येकावर येणार आहे. पाय घसरण्यापेक्षा सरळ फोन उचलून डॉक्टरांना विचारणं केव्हाही चांगलं. पण बाईंच्या जागी मी असतो, तर एवढं सुचलं असतं का, मला शंका आहे.

त्याच गृहस्थांनी एकदा खिशातून काळपट खडा काढून दाखवला. कुरारे! पोटात गेलं तर फारसं काही होत नाही, रक्तात मिसळलं तर स्नायू लुळे पडून श्वास थांबतो. हे खिशात कशाला बाळगता? तर म्हणे, जवळ असलं की अंगात ताकद आल्यासारखं वाटतं. हा माणूस बाईंच्या डोक्यात चाळीसहून जास्त वर्षं राहिला. 1961 मध्ये आलेल्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीची कल्पना सुचली तेव्हा तोच आठवला, असं त्यांनीच म्हटलंय. कसा आठवला ते मी सांगणार नाही. शोधा.

औषधांच्या विभागातलं काम कधी अंगावर येई, कधी तासन्‌तास हात रिकामे. बहिणीने पूर्वी डिवचलं होतं, तुला रहस्यकथा जमायची नाही. त्या रिकाम्या वेळात, चारी बाजूंना विषांच्या बाटल्या असताना, बाईंना पहिली कादंबरी सुचली. टॉर्कीत बेल्जियमचे निर्वासित आले होते, त्यांच्यातून पॉयरो आला. आणि खुनाची युक्ती थेट तुमच्या फार्मास्युटिक्सच्या तासाची. त्या काळी टॉनिकमध्ये किंचित स्ट्रिक्नीन घालत. त्याच बाटलीत ब्रोमाइडची पूड पडली तर काय होईल? मागच्या बाकावरून “अवक्षेप” असं ऐकू आलं. शाब्बास! स्ट्रिक्नीन तळाशी बसतं, वरचे डोस निर्धोक जातात आणि शेवटच्या डोसात सगळं विष एकदम. बाटलीवर “हलवून घ्यावी” अशी चिठ्ठी का चिकटवतात, हे मला महाविद्यालयात शिकवलं होतं, पण पटलं ते ही पहिली कादंबरी, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, वाचून. खुनी कोण, ते मात्र अजून सांगितलेलं नाही, निश्चिंत असा.

ते पुस्तक 1916 मध्ये लिहून झालं, बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलं, आणि 1920 मध्ये एकदाचं छापून आलं. बाईंच्या पदरात पडले पंचवीस पौंड. पण औषधनिर्मात्यांच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’ने त्याचं परीक्षण छापलं आणि विषाची माहिती अचूक आहे म्हणून कौतुक केलं. या शाबासकीचा बाईंना फार अभिमान होता. मला तो समजतो. वाचक टाळ्या वाजवतात, पण मात्रा बरोबर आहे हे आपल्या धंद्यातल्या माणसानेच सांगावं लागतं.

आता शेवटची गोष्ट. 1977 मध्ये कतारहून एक आजारी मूल लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आणलं. वय 19 महिने. निदान काही होईना, प्रकृती खालावत चाललेली. वॉर्डमधली एक परिचारिका तेव्हा ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. मुलाचे केस गळायला लागलेले तिने पाहिले आणि डॉक्टरांना म्हणाली, ही सगळी लक्षणं या पुस्तकात आहेत, थॅलियमची. तपासणीत थॅलियमच निघालं. झुरळं आणि उंदीर मारायला घरात वापरलेल्या औषधातून ते मुलाच्या पोटात गेलं होतं. उपचार झाले, मूल सुधारलं. नंतर डॉक्टरांनी या रुग्णावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, आणि लक्षणांच्या अचूक वर्णनाबद्दल अगाथा ख्रिस्ती यांचे आभार मानले. बाई त्याआधीच, जानेवारी 1976 मध्ये, गेल्या होत्या.

ही दोन्ही पुस्तकं मी तुमच्या ग्रंथालयासाठी आणली आहेत. ग्रंथपालबाईंना एक विनंती: ती फार्माकॉलॉजीच्या कपाटात ठेवा. आणि जो आधी वाचेल त्याने खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारू नये. विंगेतली मंडळी, या आता.