परदेशची बाजारपेठ आणि आपला गट



आपल्या बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ आणि केशर आंबा परदेशी जावा, त्याचे चार पैसे जास्त मिळावेत, असे पुष्कळांना वाटते. पण लगेच प्रश्न येतो, "साहेब, माझी बाग दोन एकरांची. मला तिकडे कोण विचारणार?" प्रश्न रास्त आहे. एकट्याला कोणी विचारत नाही. परदेशातल्या व्यापाऱ्याला एकसारख्या प्रतीचा, कंटेनरभर माल ठरलेल्या तारखेला हवा असतो. म्हणून लहान शेतकऱ्याची परदेशाची वाट गटातूनच जाते.

याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1991 साली द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या आणि 'महाग्रेप्स' उभी राहिली. राज्य कृषी पणन मंडळाने तिला हात दिला. शेतकरी संस्थेला जोडलेला, संस्था महाग्रेप्सला, आणि महाग्रेप्स युरोपातल्या खरेदीदाराला, अशी ही साखळी. या साखळीतून माल तिकडे जातो, तशी माहितीही इकडे येते. मणी केवढा हवा, कोणते औषध चालत नाही, घड तोडल्यावर किती तासांत थंड करायचे, हे खरेदीदाराकडून थेट बांधावर पोचते. बोटीने माल जायला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस द्राक्ष टिकवण्याची युक्ती एकट्याला बसल्या जागी कळली नसती.

पण साखळीचा दुसरा गुण ध्यानात घ्या. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो.

2003 साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर 2006 साली 'अपेडा' या केंद्राच्या संस्थेने 'ग्रेपनेट' सुरू केले. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, तोडणीआधी प्रयोगशाळेत नमुन्याची तपासणी, आणि पेटीवरून थेट बाग ओळखता येईल अशी खूण, अशी ही व्यवस्था. तरीही 2010 साली वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे 'सीसीसी', या संजीवकाचे अंश निघाले आणि माल युरोपात अडकला. बागाईतदारांचे फार मोठे नुकसान झाले. त्या धड्यानंतर तपासणी आणखी कडक झाली.

आंब्याचेही तसेच. 2013 साली भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत युरोपला किडी आढळल्या. मे 2014 पासून त्यांनी आपला आंबाच बंद केला. दार उघडले ते 2015 साली. ज्यांच्या फळात एकही अळी नव्हती, तेही त्या हंगामात दाराबाहेरच राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मराठवाड्याच्या केशरलाही मिळाले आहे. मानांकनाने नाव राखले जाते, माल आपोआप विकला जात नाही. सीताफळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकते. ताजे फळ दूर धाडणे जोखमीचे. त्याचा गर काढून गोठवून ठेवला, तर तो पुष्कळ दिवस टिकतो. गर काढण्याचे यंत्र आणि शीतगृह एकट्याला परवडत नाही, गटाला परवडते. केशरसाठी जालन्याला पणन मंडळाचे निर्यात सुविधा केंद्र आहे. तिथवर एकाने एक पाटी नेण्यापेक्षा गावाने मिळून गाडी भरून नेणे सोयीचे.

तर मंडळी, कामाला असे लागा :

1. कमीत कमी 10 शेतकरी मिळून कायद्याने उत्पादक कंपनी काढता येते. माणसे पैशापेक्षा शब्द पाळणारी निवडा.

2. निर्यातीच्या आंबा बागेची नोंदणी 'मँगोनेट'वर हंगामाआधी करा. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

3. फवारणीची वही ठेवा. औषध, मात्रा, तारीख त्याच दिवशी लिहा. गटाने ठरवलेल्या यादीबाहेरचे औषध दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.

4. फळमाशीसाठी सापळे सगळ्यांनी एकाच वेळी लावा. गळालेली फळे गोळा करून खोल पुरा. शेजाऱ्याने ती तशीच टाकली, तर माशी तुमच्या बागेत येणारच.

5. सौदा लेखी करा. भाव, प्रत, पैसे कधी मिळणार आणि माल नाकारला गेला तर नुकसान कोणाचे, हे आधी ठरवा.

6. पहिल्या वर्षी थोडाच माल पाठवा. बाकीच्यासाठी आपली नेहमीची बाजारपेठ सोडू नका.

शेवटचे सांगतो. गटातला कोणी घाईत फवारलेली पेटी सरकवू पाहील, तो नात्यातला असला तरी त्याची पेटी बाजूला काढा. त्या दिवशी थोडी कटुता येईल, पण परदेशी जाते ती पेटी एकट्याची नसते, साऱ्या गावाची असते. गाव करी ते राव न करी, हे खरे. मात्र गावाने ते एका हिशेबाने केले पाहिजे.